मूकपट मुके नव्हते

ज्या वस्तूचें नांवच चुकीचें पडलें, तिची पुढें होणारी आबाळ कोण थांबविणार? ‘मूकपट’ हा शब्द आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, त्यांत कांहीं असत्य आहे अशी शंकाहि कोणास येत नाहीं. परंतु थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, ज्या काळांत हीं चित्रें पडद्यावर नाचत होतीं, त्या काळांत त्यांना मूक म्हणण्याचें कोणास कारणच नव्हतें. बोलपट जन्मास आला, आणि मग त्याच्या थोरल्या भावास मुका ठरविण्यांत आलें. धाकट्यानें थोरल्याचें बारसें करावें, असा हा उलटा प्रकार आहे. आम्हांस ह्या लेखांत दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, मूकपटांना वाचा होती, व ती पडद्यासमोर बसलेल्या वादकांच्या हातांत होती. दुसरी ही कीं, ती वाचा त्यांना परत मिळवून द्यावयाची असेल, तर मुंबईच्या वातानुकूलित सभागृहांकडे पाहण्यापेक्षां जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाकडे पाहणें अधिक शहाणपणाचें होईल. हें दुसरें विधान वाचून कांहीं वाचक हंसतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांनीं शेवटपर्यंत वाचावें आणि मग हंसावें, एवढीच विनंति.

इतिहासापासून आरंभ करूं. १८९५ च्या डिसेंबरांत ल्यूमिएर बंधूंनीं पॅरिस येथें पैसे घेऊन आपलीं चलच्चित्रें लोकांस दाखविलीं. तीं चित्रें सात महिन्यांच्या आंत मुंबईस येऊन पोंचलीं. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत पहिला खेळ झाला. लौकरच तो नॉव्हेल्टी थिएटरांत गेला, आणि तेथें सीमोर डव्ह नांवाच्या गृहस्थाच्या नेतृत्वाखालीं चित्रांना साजेशा संगीताची योजना करण्यांत आली. तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत होते. म्हणजे ज्या पावसाळ्यांत मुंबईनें सिनेमा प्रथम पाहिला, त्याच पावसाळ्यांत तिनें सिनेमासह वाद्यवृंदहि ऐकला. दोन्ही गोष्टी जुळ्या भावंडांसारख्या एकाच बोटींतून उतरल्या म्हटलें तरी चालेल.

आमच्या मुलखांत तर ह्याहूनहि जुनी परंपरा होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडावयाचीं, आणि त्यांतील कथा निवेदन व संगीत यांच्या साहाय्यानें सांगावयाची, असा तो खेळ. त्याच्याहि मागें गेलें तर कोंकणांतील पिंगुळीचे चित्रकथी आहेत. पोथींतील एकेक चित्र पुढें करून, वाद्यांच्या साथीनें कथा गाणें हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. चित्रानें दाखवावें आणि जिवंत माणसानें त्यास वाचा द्यावी, हा संसार आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधींपासून मांडलेला होता. सिनेमा परदेशांतून आला हें खरें. पण तो ज्या घरांत आला त्या घरांत त्याच्यासाठीं पाट मांडून ठेवलेला होता.

म्हणूनच दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमांत लागला, तेव्हां प्रेक्षकांस त्यांत परकें असें कांहीं वाटलें नाहीं. पुढें ‘लंकादहन’ १९१७ त, ‘कालियामर्दन’ १९१९ त आला. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं ‘सैरंध्री’ १९२० त आणि ‘सावकारी पाश’ १९२५ त दिला. हे चित्रपट ज्या थिएटरांत व तंबूंत दाखविले जात, तेथें पडद्यापुढें पेटी-तबला घेऊन माणसें बसलेलीं असत. साहेब लोकांच्या थिएटरांत पियानो आणि व्हायोलिन असे. कथेच्या पाट्या पडद्यावर आल्या म्हणजे वाचतां येणारा मनुष्य न येणाऱ्यांसाठीं त्या मोठ्यानें वाचून दाखवी. मारामारीच्या वेळीं तबला धांवे, सतीच्या विलापांत पेटी हुंदके देई, आणि देव प्रकट झाले कीं प्रेक्षकच टाळ्यांचा व जयजयकाराचा ताल धरीत. ह्या गजबजाटास ‘मूक’ म्हणावयाचें, तर जत्रेस समाधि म्हणावें लागेल!

ह्या वादकांची योग्यता काय होती ह्याचा एकच दाखला देतों. संगीतकार नौशाद हे लखनौस बालपणीं मूकपट पाहावयास जात तें जितकें चित्रासाठीं, तितकेंच पडद्यापुढील वादकांसाठीं. संगीताचें पहिलें वेड आपणांस तेथें लागलें असें ते पुढें सांगत. एका पिढीच्या संगीतकाराचा कान ज्या शाळेंत घडला ती शाळा अशी अंधारांत भरत होती.

मग १४ मार्च १९३१ हा दिवस उजाडला. मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ बोलूं लागला. दुसऱ्याच वर्षीं प्रभातच्या ‘अयोध्येच्या राजा’नें मराठींत तोंड उघडलें. सर्वांनीं आनंद मानला, व तो मानण्यासारखाच होता. पण ज्या दिवशीं पडदा बोलूं लागला त्या दिवशीं पडद्यापुढचा मनुष्य गप्प झाला, हें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. गांवोगांवच्या थिएटरांतील पेटीवाले आणि तबलजी घरीं गेले. आमच्या चित्रपटेतिहासांत नटांचीं नांवें आहेत, दिग्दर्शकांचीं आहेत, कॅमेऱ्याच्या बनावटीची चर्चा आहे. वादकांच्या वांट्यास मात्र ओळभर जागाहि क्वचितच येते. खरा मूक कोण झाला असेल, तर तो हा वादक. पट नव्हे.

येथपर्यंत झालेली हानि काळानें केली असें म्हणतां येईल. ह्यापुढील आमची तक्रार काळाविषयीं नाहीं, आमच्या-तुमच्याविषयीं आहे. पुण्यास १९६४ च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पी. के. नायर ह्या धुनी माणसानें जुन्या पेट्या धुंडाळून जें हातीं लागलें तें वांचविलें. आपल्या देशांत हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकीं फारच थोडे, आणि तेहि बहुधा तुकड्यांच्या रूपानें, आज उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्रा’चा कांहीं भागच आहे, ‘कालियामर्दना’चा मात्र बराच मोठा भाग सुदैवानें हातीं लागला. इतकें थोडें उरलें असतां जें उरलें तें तरी आपण नीट दाखवितों काय?

नाहीं. आणि कसें दाखवितों तेंहि सांगतों. एका संस्थेनें भरविलेल्या खेळांत आम्हीं ‘कालियामर्दन’ पाहिला. ह्या चित्रपटाच्या आरंभीं एक विलक्षण गोष्ट आहे. श्रीकृष्णाचें काम करणारी फाळके यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी कथेस सुरुवात होण्यापूर्वीं प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते, आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखविते: हर्ष, राग, विस्मय, दुःख. कोणाहि जाणत्या पेटीवाल्यास हें आमंत्रणच आहे. त्या मुलीच्या भुंवया वर गेल्या कीं त्याचें बोट वर जाईल. तिचे ओंठ थरथरले कीं भाता मंदावेल. आम्हीं पाहिलेल्या खेळांत काय झालें? बासरीची एक मुद्रित धून लावून दिली होती. ती हर्षाच्या वेळीं जी होती तीच दुःखाच्या वेळीं होती; कृष्ण लोणी चोरीत होता तेव्हां जी, तीच कालियाच्या विळख्यांत सांपडला तेव्हांहि. दर चार मिनिटांनीं ती संपे व पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. त्यांतच चित्र अवाजवी वेगानें पळत होतें. मूकपट हातानें कळ फिरवून सेकंदास साधारण सोळा ते अठरा चित्रें ह्या बेतानें घेतले जात. बोलपटाचें यंत्र सेकंदास चोवीस चित्रें पळवितें. सोळाच्या चालीनें घेतलेलें चित्र चोविसाच्या चालीनें सोडलें कीं यशोदा दुडुदुडु धांवते, गोप टुणटुण उड्या मारतात, आणि प्रेक्षक हंसतात. फाळके यांच्या प्रतिभेस हंसतात असें त्यांना वाटतें; वस्तुतः ते यंत्र चालविणाऱ्याच्या अज्ञानास हंसत असतात. आणि हें सर्व आटोपल्यावर एक वक्ते उठून म्हणाले कीं, त्या काळच्या मानानें ठीक आहे! त्या काळचें मान आपण शिल्लक ठेवलेंच कोठें, कीं त्याच्या मानानें कांहीं ठरवावें?

परदेशांत काय चाललें आहे तें पाहिलें असतां शरम वाटावी. १९८० च्या नोव्हेंबरांत लंडन येथें आबेल गान्स यांचा ‘नेपोलियन’ हा भव्य मूकपट केव्हिन ब्राउनलो यांनीं तुकडे जुळवून उभा केला, व कार्ल डेव्हिस यांनीं रचलेल्या संगीतासह जिवंत वाद्यवृंदानें तो वाजविला. तेव्हांपासून पश्चिमेकडे ह्या कलेचा जणूं पुनर्जन्म झाला. इटलींत पोर्देनोने येथें १९८२ पासून केवळ मूकपटांचा उत्सव भरतो. आपल्याच भूमींत घेतलेला हिमांशु राय यांचा ‘शिराज’ (१९२८) कोणीं नीट केला? ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें. त्यास अनुष्का शंकर यांनीं संगीत दिलें, १९१७ नव्हे तर २०१७ च्या ऑक्टोबरांत तो प्रथम लंडनमध्यें वाजला, आणि मग पाहुण्यासारखा आपल्या शहरांत येऊन गेला. अनुष्काबाईंच्या संगीताविषयीं आम्हांस आदरच आहे. आमचा वाद त्या संगीताशीं नाहीं. त्यावरून आमच्या सुशिक्षित वर्गानें काढलेल्या अनुमानाशीं आहे. तें अनुमान असें: वाद्यवृंदासह मूकपट ही एक श्रीमंती मौज आहे, तिला मोठें सभागृह लागतें, छापील स्वरलिपि लागते, काळे कोट लागतात, आणि हजारोंचें तिकीट लागतें. जी गोष्ट चार आण्यांत तंबूंत होत असे ती आतां थोरामोठ्यांच्या सायंकाळची शोभा झाली. आणि हिलाच आम्ही पुनरुज्जीवन म्हणतों!

आतां जव्हार-मोखाड्याकडे वळूं. ठाणें जिल्हा तोडून १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा झाला; त्याच्या पूर्वेकडील डोंगरांत हे दोन तालुके आहेत. जव्हार हें मुकणे घराण्याचें जुनें संस्थान. १९४८ त तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची येथें वस्ती. मोखाड्याहून तोरंगण घाट चढून गेलें कीं त्र्यंबकेश्वर येतें, आणि ३० एप्रिल १८७० रोजीं त्या त्र्यंबकेश्वरीं धुंडिराज गोविंद फाळके जन्मास आले. आपल्या चित्रपटाचा जनक ज्या डोंगराच्या माथ्यावर जन्मला, त्याच डोंगराच्या पायथ्याशीं हा मुलूख पसरलेला आहे. परंतु केवळ शेजार हें कांहीं आमच्या म्हणण्याचें प्रमाण नव्हे. प्रमाण निराळेंच आहे. त्याचें नांव बोहाडा.

ज्यांनीं बोहाडा पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. मोखाडा, जव्हार व आसपासच्या गांवीं देवीचा हा उत्सव अनेक रात्री चालतो. मशालींच्या उजेडांत गांवच्या रस्त्यानें एकेक सोंग नाचत येतें. अंगावर वेष, तोंडावर रंगविलेला मुखवटा. गणपति येतो, सरस्वती येते. रामायण-महाभारतांतले वीर आणि राक्षस येतात. नरसिंह येतो, रावण येतो. आणि अखेर देवी व महिषासुर यांचें युद्ध होतें. अनेक सोंगांचा मान ठराविक घराण्यांकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेला असतो. आणि ह्या सर्वांस चालवितें काय? संबळ आणि पिपाणी. मुखवटा बोलत नाहीं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाहि हालत नाहीं. तरी तो रागावलेला दिसतो, थकलेला दिसतो, मदानें फुललेला दिसतो, तो कशाच्या बळावर? नाचणाऱ्याच्या पावलांवर, आणि त्या पावलांस अचूक पकडणाऱ्या संबळाच्या ठेक्यावर. गणपतीची चाल निराळी, राक्षसाची निराळी. वाजविणारा समोरच्या आकृतीवर डोळा ठेवून वाजवितो. ती थबकली तर तो थबकतो, ती उसळली तर तो उसळतो.

आतां वाचकांनींच सांगावें: मशालीच्या हालत्या उजेडांत, न बोलणारी आकृति, पुराणांतली कथा, आणि त्या आकृतीस डोळ्यांनीं टिपून वाचा देणारा जिवंत वादक, ह्याहून मूकपटाची दुसरी व्याख्या कोणती? जें कसब पेटीवाल्याच्या हातून १९३१ नंतर गेलें, तें कसब ह्या मुलखांत वर्षानुवर्षें जागत राहिलें. शहरांतल्या वाद्यवृंदास हें साधण्यासाठीं संगीत आगाऊ लिहून काढावें लागतें, सेकंद मोजावे लागतात, व नेतृत्व करणाऱ्यास चित्राशीं मेळ राखण्यासाठीं यंत्राची मदत घ्यावी लागते. संबळवाल्यास हें सर्व डोळ्याच्या कोपऱ्यांत असतें.

तीच गोष्ट तारप्याची. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचीं पानें यांचें केलेलें हें वाद्य फुंकणारा मध्यें असतो, आणि हातांत हात गुंफलेली नाचणाऱ्यांची सांखळी त्याच्याभोंवतीं फिरते. त्यानें स्वर पालटला कीं पाऊल पालटतें, त्यानें वळण घेतलें कीं सांखळी वळते. येथें संगीत चित्राच्या मागें जात नाहीं, चित्र संगीताच्या मागें जातें. दोन्ही दिशांची विद्या एकाच तालुक्यांत असावी, ही केवढी संपत्ति! जव्हार तालुक्यांतील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीनें गौरविलें, व २०२६ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वयाची नव्वदी गांठलेल्या माणसास पदक देणें ठीक आहे. परंतु पदक ही पोंचपावती असते. विद्या पुढें चालावयाची तर तिला काम लागतें.

म्हणून आमची सूचना सरळ आहे. संग्रहालयांतील फाळके यांचे चित्रपट योग्य चालीनें, मोठ्या पडद्यावर, जव्हारास आणि मोखाड्यास उघड्या मैदानांत दाखवावे. आणि त्यांना साथ तेथल्याच वादकांनीं करावी. संबळ, पिपाणी, तारपा, ढोल, आणि कोणास हवी असेल तर पेटीहि. आधीं आठ-पंधरा दिवस त्यांना चित्र पुन्हां पुन्हां पाहूं द्यावें. काय वाजवावयाचें तें त्यांचें त्यांनीं ठरवावें. पाट्या वाचण्यास गांवांतलाच चांगल्या आवाजाचा मनुष्य किंवा शाळेंतली धीट मुलगी असावी, व तिनें त्या गांवच्या बोलींत वाचाव्या.

ह्यावर कोणते आक्षेप येतील हें आम्ही जाणतों. कारण ते आम्हांस तोंडावर ऐकविण्यांत आलेले आहेत. एकेक घेऊं.

पहिला आक्षेप शुद्धिवाद्यांचा. फाळके यांच्या चित्रांना त्या काळीं जें संगीत होतें तेंच वाजविलें पाहिजे. संबळ लावणें म्हणजे इतिहासाशीं खेळ, असें ते म्हणतात. त्यांना आमचा प्रश्न असा कीं, त्या काळीं एकच संगीत होतें असें कोणीं सांगितलें? चित्र पेटींत बंद होऊन गांवोगांव हिंडे, संगीत प्रत्येक गांवचें निराळें असे. मुंबईस एक पेटी, कऱ्हाडास दुसरी, मद्रासेस तर वाद्यें, राग आणि भाषा सर्वच निराळें. त्या त्या गांवच्या वादकानें त्या त्या गांवच्या कानासाठीं वाजविणें, हीच त्या काळची मूळ पद्धति होती. मोखाड्यास संबळ वाजविणें हें परंपरेस सोडून नाहीं. मुद्रित बासरी वाजविणें हें मात्र आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा, आणि तो आम्ही अधिक आदरानें घेतों. संबळ हें देवीचें वाद्य. तें सिनेमासाठीं वाजवावें काय? ह्याचें उत्तर देण्याचा अधिकार आमचा नाहीं, शुद्धिवाद्यांचा नाहीं, सरकारचाहि नाहीं. तो ज्यांच्याकडे मान आहे त्यांचा आणि त्यांच्या गांवचा आहे. त्यांनीं नाहीं म्हटलें तर विषय संपला. तारपा आहे, ढोल आहे. एवढें मात्र सांगतों कीं, आम्ही बोहाडा उचलून रंगमंचावर आणा असें म्हणत नाहीं. तो प्रकार पुष्कळ झाला. प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकींत मुखवटे आणून त्यांना पाहुण्यांपुढें दोन मिनिटें नाचविणें ह्यांत त्या कलेचा मान नाहीं. आम्ही देवीस सिनेमाकडे नेत नाहीं, सिनेमास तिच्या दाराशीं आणूं म्हणतों. कृष्ण, हरिश्चंद्र, हनुमान हे त्या मुलखास परके नाहींत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्यास बगल देणारा मनुष्य प्रामाणिक नव्हे. तो असा: ज्या जव्हारांत १९९२ सालीं वावर-वांगणीचीं मुलें कुपोषणानें दगावलीं, ज्या मोखाड्यांत उन्हाळा आला कीं पाड्यापाड्यांवर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, जेथील माणसें दिवाळी सरतांच वीटभट्टीवर आणि बांधकामावर पोट भरावयास बाहेर पडतात, तेथें तुम्हांस सिनेमा सुचतो? आधीं भाकरी द्या, पाणी द्या, मग संबळ ऐका!

भाकरी आणि पाणी आधीं, हें आम्हांस शंभर वेळां मान्य आहे. पण हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांस आम्ही विचारतों: मुंबईंत चित्रपट महोत्सव भरतो तेव्हां तुम्ही असें विचारतां काय, कीं आधीं झोंपडपट्टीस पाणी द्या, मग पडदा लावा? नाहीं विचारीत. गरिबाचें दारिद्र्य हें केवळ गरिबाच्याच आनंदाविरुद्ध पुरावा म्हणून पुढें येतें. आणि पाण्याचीच गोष्ट काढलीत तर ऐका. मध्य वैतरणेचें धरण मोखाडा तालुक्यांत आहे. २०१२ सालीं तें पुरें झालें. त्याचें पाणी मुंबईस जातें. ज्यांच्या अंगणांतल्या पाण्यावर शहराची तहान भागते त्यांनीं टँकरपुढें हंडे मांडावयाचे, आणि त्यांच्या मशालीशेजारीं चित्रपटाचा दिवा लावूं म्हटलें कीं शहरानें त्यांना भाकरीचें महत्त्व शिकवावयाचें! जव्हारच्या जयविलास राजवाड्याची पार्श्वभूमि सिनेमावाल्यांस हवी असते. कॅमेरे तेथें येतात, चित्रण करतात आणि जातात. म्हणजे सिनेमास जव्हारचा राजवाडा हवा, जव्हारचा प्रेक्षक नको. मुंबईस मोखाड्याचें पाणी हवें, मोखाड्याचा वादक नको. हा न्याय ज्यांना पटत असेल त्यांनीं आमच्यावर खुशाल टीका करावी.

शिवाय भाकरी आणि संबळ ह्यांत जो विरोध कल्पिला जातो तो मुळांत खोटा आहे. वादक हा श्रमिक आहे. तो वीटभट्टीवर गेला तर त्याचें वाद्य घरच्या आढ्यास टांगलेलें राहतें, आणि त्याचा मुलगा तें खालीं काढण्यास शिकत नाहीं. त्याच्या कलेस योग्य मोबदला मिळणें हीहि भाकरीच आहे. म्हणून आमची मागणी हीच कीं, शहरांतील वाद्यवृंदांतल्या व्हायोलिनवाल्यास एका प्रयोगाचें व सरावाच्या दिवसांचें जें मानधन मिळतें, तेवढेंच संबळवाल्यास मिळावें; प्रशस्तिपत्र, शाल आणि नारळ ह्यांवर त्याची बोळवण होऊं नये. त्याच्या वादनाचें मुद्रण झालें तर त्यावर त्याचा हक्क राहावा; वादक-गायकांचे असे हक्क आपल्या कायद्यानें १९९४ पासून मान्य केलेले आहेत. ते त्यांना समजावून सांगण्याचें काम आमच्या सुशिक्षितांनीं करावें. व्याख्यानें देण्यापेक्षां त्याचा उपयोग अधिक होईल.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: हें करणार कोण, आणि कायदा आड येणार नाहीं काय? कायदा आड येत नाहीं. आपल्या देशांत चित्रपटावरील मालकी हक्क प्रकाशनापासून साठ वर्षें चालतो. फाळके यांचे मूकपट केव्हांच सर्वांचे झाले आहेत. ते ज्या पेट्यांत बंद आहेत त्यांच्या किल्ल्या सार्वजनिक संस्थेकडे आहेत, आणि सार्वजनिक संस्थेचा धनी तुम्ही-आम्ही आहों. खर्चाचें म्हणाल, तर एका शहरी महोत्सवाच्या उद्घाटनास जो फुलांवर आणि मंडपावर होतो त्यांत मोखाड्याचा एक प्रयोग व्हावा. सभागृह लागत नाहीं, खुर्च्या लागत नाहींत, तिकीट तर मुळींच नको. लागेल ती फक्त एक सोय: तिथि नीट निवडणें. दिवाळीनंतर गांवें ओस पडतात. म्हणून लोक घरीं असतील तेव्हांच, आणि गांवास विचारून, रात्र ठरवावी. अधिकाऱ्यांच्या सोयीनें भर दुपारीं ‘सांस्कृतिक महोत्सव’ उरकून छायाचित्रें काढून घेणें, हा आमच्या सूचनेचा अर्थ कोणीं करील तर त्यानें ती अमलांतच आणूं नये हें बरें.

कोणी विचारील कीं, ह्यानें एवढें काय साधेल? आम्ही म्हणतों, दोन अनाथांची गांठ पडेल. एका बाजूस चित्र आहे, त्याचा वादक हरवला आहे. दुसऱ्या बाजूस वादक आहे, त्याचा प्रेक्षक कमी होत चालला आहे. पहिल्यास आम्हीं कपाटांत ठेवलें, दुसऱ्यास वीटभट्टीवर पाठविलें, आणि दोघांच्याहि नांवानें अधूनमधून सभा भरवून हळहळतों. ह्या दोघांमध्यें अंतर किती? एका घाटाचें. तें अंतर तोडण्यास ज्या समाजास शंभर वर्षें पुरलीं नाहींत, त्यानें आपल्या सांस्कृतिक वारशाविषयीं बोलतांना आवाज थोडा खालीं ठेवावा हें उचित.

मूकपट मुके नव्हते. मोखाड्याचे वादकहि मुके नाहींत. जें मुकें झालें आहे तें आमचें कर्तव्य. त्याला वाचा फोडण्यास वाद्यवृंद परदेशांतून आणावा लागत नाहीं. पडदा, यंत्र आणि चित्राची पेटी एवढें घेऊन कोणी घाट उतरावा, वादकांच्या ओसरीवर बसून त्यांना विचारावें, आणि त्यांच्या श्रमाचे पैसे आधीं मोजावे. मग फाळके यांच्या कृष्णानें कालियाच्या फणेवर पाय ठेवला कीं, त्या पावलास ठेका कोणता द्यावा हें शिकविण्याची कोणाची प्राज्ञा नाहीं. तें त्यांना ठाऊकच आहे.